कार्यक्रम दणक्यात होतो, मी मात्र संपत चाललेय

ताई,
मी ३१ वर्षांची आहे. मूळची अंबाजोगाईची. सात वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरात एका ईव्हेंट कंपनीत काम करते. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांचे वार्षिक कार्यक्रम, सेफ्टी वीक, फॅमिली डे, जालन्याच्या बियाणे कंपन्यांच्या डीलर मीट, हिवाळ्यात हुरडा पार्ट्या, सगळं मीच बघते. काम मनापासून आवडतं. जानेवारीत एका कारखान्यात पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या कामगारांचा सत्कार होता. एका हेल्परची बायको नऊवारी नेसून आली होती. स्टेजवर चढताना तिने चप्पल पायरीशी काढून ठेवली. मी स्टेजमागे उभी राहून रडले.

पण आता फोन वाजला की छातीत धस्स होतं. रात्री दोनला झोपते, पाचला जाग येते. प्रोग्रॅम चांगला झाला तरी मला फक्त चुकलेलं आठवतं. मंडपवाल्यांच्या पोरांवर ओरडते, पूर्वी कधी ओरडत नव्हते. क्लायंटच्या मोठ्या साहेबांनी आयत्या वेळी तारीख बदलली आणि माझी सख्ख्या भावाची हळद हुकली. आई अजून धड बोलत नाही. हमाली, चहा, टेम्पोचे पैसे माझ्याच फोनवरून जातात आणि महिना-दीड महिन्याने परत मिळतात. आमचे सर माणूस म्हणून वाईट नाहीत, पण 'सीझन आहे, काढून घे' यापुढे बोलत नाहीत.

शेंद्र्यात एका कंपनीत ॲडमिनची नोकरी चालून आलीय. पगार थोडा कमी, पण सहाला घरी. घेऊ का? मैत्रिणी म्हणतात, एवढी हौस होती तर आता रडतेस काहून? मे महिन्यात जालन्याला मोठी डीलर मीट आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल.
– एक ईव्हेंटवाली

*

प्रिय मैत्रिणी,

मैत्रिणींचं बोलणं आधी मनातून काढून टाक. हौस होती म्हणूनच तू इतकी दमलीस. ज्याला कामाचं सोयरसुतक नसतं तो कार्यक्रम संपला की घरी जाऊन गाढ झोपतो. समईच्या वाती तेलात नीट भिजल्या होत्या का, प्रमुख पाहुण्यांच्या हातातली मेणबत्ती पंख्याच्या वाऱ्याने विझली तेव्हा कोण कोण बघत होतं, हे आठवत रात्री दोनपर्यंत तो जागत नाही.

ती चप्पल काढून स्टेजवर चढलेली बाई मी पत्रात परत परत वाचली. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे-मोठे कारखाने उभे राहिले, आणि गंगापूर, वैजापूर, पैठणकडच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं शिफ्टमध्ये जाऊ लागली. आज सत्कार होतात ते त्या पिढीच्या मागून आलेल्यांचे. पंचवीस वर्षं प्रेस मशिनवर उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव माइकवरून बहुधा एकदाच घेतलं जातं. ते नाव अँकरने बरोबर उच्चारावं म्हणून तू आदल्या दिवशी टाइम ऑफिसमधून विचारून घेतलं असणार. मोमेंटो टेबलावर यादीच्याच क्रमाने लावले असणार, म्हणजे एकाची ट्रॉफी दुसऱ्याच्या हातात जायला नको. फोटोग्राफरला सांगितलं असणार की साहेबांचा नको, बायकोचा चेहरा येऊ दे. गावाहून येणाऱ्यांसाठी बस कुठून किती वाजता निघेल हेही तूच बघितलं असणार. हे सगळं जमून आलं, तेव्हा त्या बाईला वाटलं की हे स्टेज चप्पल घालून चढायचं नाही. ही या कामातली खरी कमाई. ती तुझ्याकडे अजून शाबूत आहे, आणि पुढचं सगळं मी तेवढ्या भरवशावर लिहिते आहे.

आता दुखण्याकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नेमकी व्याख्या दिली. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर माणसाची जी अवस्था होते ती ही, असं म्हटलंय. खुणा तीन. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि कामातल्या माणसांबद्दल मन कडवट होणं, आणि आपल्याला काही जमत नाही अशी भावना. तुझी झोप, पोरांवरचं ओरडणं आणि 'फक्त चुकलेलं आठवतं', तिन्ही तुझ्या पत्रात आहेत. व्याख्येतले 'कामाच्या ठिकाणचा ताण' हे शब्द मात्र पक्के लक्षात ठेव. तू कमी पडतेस असा त्याचा अर्थ होत नाही. काम ज्या पद्धतीने तुझ्या गळ्यात पडतं त्यात काहीतरी बिघडलंय, असा होतो.

काय बिघडलंय ते मला थोडं माहीत आहे, कारण मी बरीच वर्षं समोरच्या बाजूला, एचआरमध्ये काढली आणि असे कार्यक्रम करून घेतले. तुला वाटत असेल, क्लायंट मुद्दाम छळतो. तसं क्वचितच असतं. कंपनीच्या आत काय होतं, तर प्लांट हेडला बॅकड्रॉपचा रंग आवडत नाही, मार्केटिंगला लोगो मोठा हवा असतो, साहेबांच्या पीएचा आदल्या रात्री फोन येतो की दोन पाहुणे वाढले. या सगळ्यांना 'आता नाही जमणार' म्हणायची एचआरमधल्या मुलीची टाप नसते. तिच्याहून खाली एकच नंबर उरतो, तो तुझा. आणि तुला सांगितलेल्या बदलाचे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. फ्लेक्स दुसऱ्यांदा छापला तर त्याचे लागतात, पण तुझी रात्र गेली तिचे लागत नाहीत. जे फुकट मिळतं ते लोक मागतच राहतात.

आता दुसरं बघ. लॉनवरचा कार्यक्रम असला की रात्री दहाला साउंड बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. बंद बँक्वेट हॉलला सूट आहे, उघड्यावर नाही. साहेबांचं भाषण लांबो, ऑर्केस्ट्रा रंगात येवो, दहा म्हणजे दहा. कंपन्या काय करतात? कार्यक्रम अर्धा तास आधी सुरू करतात. बाहेरच्या पाहुण्यांना लेणी दाखवायची असली तर वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद. त्यावर कुठल्या एमडीने हुज्जत घातलेली मी पाहिली नाही. मुकाट्याने वार बदलतात. हुरडा पार्टीचंही तेच. कणीस दुधात असतं ते मोजके दिवस. साहेबांना वेळ नाही म्हणून पार्टी पंधरा दिवस पुढे नेली तर दाणा टणक होतो, मग आगटीत कितीही भाजा, हातावर चोळून हुरडा सुटत नाही. हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी तेच साहेब डिसेंबरातच तारीख विचारतात. म्हणजे हद्द ठरलेली असली की ही माणसं तिच्यात व्यवस्थित बसतात. हद्द नसलेली एकच गोष्ट उरते, तुझा वेळ.

ती हद्द कागदावर आण, आणि तीही कामाच्या भाषेत. मोमेंटोवर नावं कोरायची तर पक्की यादी दहा दिवस आधी. बॅकड्रॉप आणि फ्लेक्सचं डिझाइन चार दिवस आधी मंजूर. जेवणाची ताटं तीन दिवस आधी पक्की, त्यानंतर वाढतील, कमी होणार नाहीत. एलईडी वॉलवर चालवायचा व्हिडिओ आदल्या दिवशी दुपारपर्यंत हातात, कारण तो लावून बघावा लागतो. त्यानंतरचा प्रत्येक बदल मेलवर, दरासह, आणि कंपनीकडून एकाच माणसाच्या सहीने. व्हॉट्सॲपवर रात्री साडेअकराला आलेला बदल सकाळी मेल येईपर्यंत आला असं धरायचं नाही. हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर छापून टाका. तुला भीती वाटेल की काम जाईल. मी समोरच्या खुर्चीतून सांगते, तो कागद एचआरमधल्या मुलीला तुझ्याइतकाच हवा असतो. 'साहेब, आता बदललं तर इतका खर्च वाढतोय' हे वाक्य तिला तुझ्या कागदामुळे बोलता येतं. तारखेचंही तिथेच लिहा. ठरलेली तारीख हलली तर हॉल, केटरर, साउंड यांची बुडालेली आगाऊ रक्कम क्लायंटची. तुझ्या भावाची हळद ज्या बदलाने गेली, त्या बदलाची किंमत त्या कंपनीला एक रुपयाही पडली नसेल.

सर या कागदाला तयार होतील का? त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट समजून घे, म्हणजे बोलणं सोपं जाईल. ते दुसरा माणूस का ठेवत नाहीत? बहुतेक वेळा पैसा अडकलेला असतो. कार्यक्रम आज होतो, मंडपवाला आणि केटरर आठवड्यात पैसे मागतात, क्लायंट मात्र नव्वद दिवसांचं क्रेडिट म्हणतो. बिल लावलं की अठरा टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, क्लायंटचे पैसे येवोत न येवोत. त्या ओढाताणीतून मग तुझ्या फोनवरून हमाली जाते आणि दोन माणसांचं काम एकटीवर पडतं. तुझी झोप निदान अर्धी तरी या थकलेल्या बिलांनी खाल्लीय, असं माझं ठाम मत आहे.

यावर कायदा आहे आणि आपल्याकडचे छोटे व्यावसायिक तो वापरायला कचरतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, म्हणजे एमएसएमई कायदा, २००६ चा. पुरवठादाराने, म्हणजे इथे तुमच्या कंपनीने, सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे 'उद्यम' नोंदणी केलेली असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की अशा उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत मोठ्या कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तेव्हापासून मार्च जवळ आला की कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून व्हेंडरकडे उद्यमचा दाखला मागतात. नोंदणी ऑनलाइन आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. सरांकडे दाखला असेल तर त्याचा नंबर प्रत्येक बिलावर छापलेला हवा. थकलेल्या पैशांची सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण रोजच्या क्लायंटविरुद्ध ती कुणी सहसा करत नाही, हे मलाही कळतं. बिलावरचा नंबर आणि ४५व्या दिवशी गेलेला नम्र मेल, एवढ्यानेही पुष्कळदा काम होतं. हे तू सरांपुढे मांडलंस तर त्यांना ते गाऱ्हाणं वाटणार नाही. आपल्या फायद्याचं बोलतेय असं वाटेल, आणि ते खरंही आहे.

तुझ्या फोनवरून जाणारे पैसे मात्र आजपासून बंद. प्रत्येक ईव्हेंटला आधी उचल घ्यायची, संपल्यावर हिशोब द्यायचा. यात अवघड काहीच नाही, कुणी मागितली नाही म्हणून चाललंय.

आता पोरांवर ओरडण्याबद्दल. ती पोरं तुझ्याइतकीच रात्रभर जागी असतात, आणि वर ट्रसवर, म्हणजे स्टेजच्या उंच लोखंडी सांगाड्यावर, चढलेली असतात. मे महिन्यात जालन्याकडे दुपारी ऊन तापतं आणि संध्याकाळी अचानक वळीव येतो, सोबत धूळ आणि वारा. लॉनवर उभी केलेली एलईडी वॉल त्या वाऱ्यात किती धोक्याची असते ते तुला मी सांगायला नको. पाया नीट बांधला नाही, वजनं कमी टाकली, जनरेटरची केबल पाण्यात राहिली, तर माणूस जातो. तीन तास झोपलेल्या डोक्याला हे दिसत नाही. म्हणून दुसरा माणूस मागताना 'मी दमलेय' इथे थांबू नकोस. स्टेज उभं राहताना एकाने फक्त सेफ्टी बघायची आणि त्याने त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही, असं माग. वर चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट असल्याशिवाय काम सुरू होणार नाही, हेही त्यात घाल. ज्या पोरांवर ओरडलीस त्यांना भेटून एकदा 'माझं चुकलं' म्हण. त्यांना फार बरं वाटेल, तुलाही वाटेल.

आणि कार्यक्रमाच्या दिवशी तू जेवतेस कधी? रात्री साडेबाराला, गार पुऱ्या? क्रूचं जेवण पाहुणे यायच्या आधी, संध्याकाळी पाचला लावायचं आणि तू त्यांच्या पंगतीत बसायचं. हे केटररला पहिल्या दिवशीच सांगून ठेव.

तब्येतीबाबत टाळाटाळ नको. छातीत धस्स होणं आणि महिनोन् महिने तीन तासांची झोप हे 'सीझन' म्हणून सोडून द्यायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखव. बीपी, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड तपासायचं का ते विचार. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचा थकवा तिथेही सापडतो. शरीराचं सगळं ठीक निघालं आणि तरी झोप येत नसेल, मन उचलत नसेल, तर घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे, तिथे दाखवायला लाजू नकोस. रात्री फारच जड वाटलं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, चोवीस तास, पैसे न लागता.

शेंद्र्याच्या नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. ती नोकरी वाईट नाही आणि ती घेणं म्हणजे हार नाही. पण आत्ता, या अवस्थेत, पळून जायचं म्हणून 'हो' म्हणू नकोस. दमलेल्या माणसाला कुठलंही दार सुटकेचं वाटतं. ॲडमिन म्हणजे कँटीन, बस, युनिफॉर्म, हाउसकीपिंग, सरकारी पाहुणे, आणि वर्षाकाठी तेच फॅमिली डे आणि सेफ्टी वीक, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. मुलाखत घेणाऱ्यांना सरळ विचार की 'सहाला घरी' हे महिन्यातून किती दिवस, ऑडिट असलं की काय, रविवारी बोलावतात का. शक्य असेल तर तिथल्या कुणा जुन्या माणसाशी चहावर बोल. पीएफ आणि मेडिक्लेमचा आकडा धरून दोन्ही पगार शेजारी मांड, कदाचित फरक वाटतो तेवढा नसेल. आणि सध्याच्या कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील, तर तुझी सलग पाच वर्षं केव्हाच भरली आहेत. सोडताना प्रत्येक वर्षाचे पंधरा दिवसांच्या पगाराइतके ग्रॅच्युइटीचे पैसे तुझे आहेत. ते मागायचेच.

सरांनी कागद मान्य केला, दुसरा माणूस दिला, रात्री दहानंतर घरी सोडायला गाडी दिली आणि प्रत्येक मोठ्या ईव्हेंटनंतरचा दिवस सुट्टीचा ठरवला, तर राहा. पावसाळ्यात तसंही काम मंदावतं, जून ते ऑगस्टमध्ये ही घडी बसते का ते कळेल. त्यांनी 'सीझन आहे, काढून घे' एवढंच पुन्हा म्हटलं, तर शेंद्र्याला जा आणि मागे वळून बघू नकोस. सात वर्षांत तू जे शिकलीस ते तुझ्याबरोबर येईल, आणि त्या कंपनीच्या व्हेंडरला रात्री साडेअकराला फोन जाणार नाही, एवढं तरी तू नक्की बघशील.

आईचं सांगते. तिला हळदीचा खुलासा देत बसू नकोस, तो तिने शंभरदा ऐकला असेल. 'आई, मला झोप येत नाही' एवढं खरं सांग. माझा अंदाज आहे, ती रागावलेली कमी आणि घाबरलेली जास्त आहे. भावाला आणि वहिनीला एक दिवस जेवायला घेऊन जा, आणि त्या दिवशी फोन घरी ठेव.

राहिली जालन्याची मीट. तिच्याआधी सरांकडे फक्त तीन गोष्टी माग, दुसरा माणूस, परतीची गाडी आणि उचल. बाकीचा विषय तेव्हा काढू नकोस, ऐन गडबडीत कुणालाच तो ऐकू येणार नाही. मीट झाली, बिल लागलं, की दोन दिवस अंबाजोगाईला जाऊन झोप काढ, मग तो कागद घेऊन सरांसमोर बस. शेंद्र्याच्या एचआरला मात्र आजच मेल टाक, मेअखेरीपर्यंत निर्णय कळवला तर चालेल का म्हणून. ज्यांना तू खरंच हवी आहेस ते एवढं थांबतात.